पाडव्याची साखळी

आप्पा गेले त्या सकाळी मी त्यांच्या दारात उभा राहून भांडलो. हे आधीच सांगून टाकतो, कारण धायरीत ही गोष्ट आता सगळ्यांना माहीत आहे आणि ती माझ्याकडून कळलेली बरी. मी खडकवासल्याच्या रस्त्यावरून फिरून परत येत होतो. हातात कोथिंबिरीची जुडी होती. आमच्या घराकडे जाणारी वाट आप्पांच्या जागेतून जाते, आणि त्या वाटेच्या तोंडाशी आठ-दहा मोटारसायकली आडव्यातिडव्या लावलेल्या, माणसं घोळक्याने उभी. माझ्या डोक्यात एकच विचार आला की आप्पांनी वाट अडवली. मी लांबूनच आवाज चढवला, "काय हो, रस्ता अडवायला आज पाडवा आहे का? अजून पाच आठवडे आहेत!" घोळक्यातली माणसं वळून माझ्याकडे बघायला लागली. आप्पांचा मुलगा सचिन पुढे आला आणि अगदी हळू म्हणाला, "काका, आप्पा गेले. तासभर झाला..."

कोथिंबीर कुठे पडली ते मला आठवत नाही. आप्पा दोडक्याच्या वेलाला आधार म्हणून काठ्या बांधत होते म्हणे. दोन बांधल्या, तिसरी हातात घेऊन वाटेच्या तोंडाशी ठेवलेल्या आपल्या लोखंडी खुर्चीत जरा टेकले, ते टेकलेच. आजार नाही, औषध नाही. आदल्या दिवशीच मी त्यांच्यासमोरून गेलो होतो. त्यांनी काठी जराशी उचलली, ही त्यांची नमस्काराची पद्धत. मी मोबाइलमध्ये बघितल्यासारखं केलं. मोबाइल बंद होता.

पाडव्याचं हे काय प्रकरण आहे ते सांगायचं, तर माझ्या आयुष्यातल्या सर्वांत मोठ्या मूर्खपणापासून सुरुवात करावी लागेल. मी तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला. नकाशावाचन हा माझा हातखंडा विषय. आणि मी असा प्लॉट विकत घेतला, ज्याला नकाशावर रस्ताच नव्हता. एजंट मला बघायला घेऊन आला तो करंजाच्या झाडांखालून जाणाऱ्या एका छान सावलीच्या वाटेने. मी प्लॉटवर उभा राहून उताराची दिशा पाहिली, मातीचा रंग पाहिला, पाण्याचा निचरा कुठे होईल ते बायकोला समजावून सांगितलं. ज्या वाटेने आलो ती कुणाची, हा प्रश्न मात्र मला सुचला नाही. एका बाजूला ओढा, दोन बाजूंना दुसऱ्यांच्या भिंती आणि समोर आप्पांची जागा. खरेदीखत झालं, पाया खणायला माणसं आली, तेव्हा वाटेच्या तोंडाशी काठी टेकून एक धिप्पाड गृहस्थ उभे होते. "मास्तर, कुठनं चाललाय?" मी म्हटलं, माझ्या प्लॉटवर. ते म्हणाले, "पलाट तुमचा हाय. वाट माजी हाय." मी नकाशा उलगडला. त्यांनी तो हातात न घेता नुसता बघितला आणि विचारलं, "ह्यात वाट दाखवा." मी नकाशा उलटासुद्धा धरून पाहिला...

पण त्यांनी मला अडवलं नाही. ओट्यावर बसवलं, चहा दिला आणि आपली अट सांगितली. वर्षभर खुशाल जा-ये करा, गाडी न्या, पाहुणे आणा. फक्त पाडव्याच्या दिवशी मी इथे साखळी लावीन. त्या दिवशी तुम्ही स्वतः यायचं आणि विचारायचं. मी जा म्हणेन. ते एकदा म्हटलं की वर्षाची काळजी नाही. साखळी संध्याकाळी निघेल. मला ही खेड्यातली एक गमतीदार रीत वाटली. मी हसत हो म्हटलं.

ती गंमत नव्हती, हे कळायला मला वीस वर्षं लागली. आप्पांच्या वडिलांनी एका वीटभट्टीवाल्याला शेताच्या कडेने बैलगाड्या नेऊ दिल्या होत्या. नुसत्या शेजारधर्माने, कसलंही बोलणं न करता. वर्षांमागून वर्षं गेली आणि एक दिवस भट्टीवाला कोर्टात उभा राहून म्हणाला की ही माझी वहिवाट आहे, मी कुणाला विचारून जात नव्हतो, हक्काने जात होतो. आणि तो जिंकला. आज त्या पट्ट्यावरून एका मोठ्या इमारतीच्या गाड्या खाली पार्किंगमध्ये उतरतात. आप्पांचे वडील शेवटपर्यंत त्या बाजूला तोंड करून बसले नाहीत म्हणे. जाताना त्यांनी मुलाला एवढंच सांगून ठेवलं, की वाट कुणाला नाकारू नकोस, पण वर्षातून एकदा विचारायला लाव. आप्पा चौथीपर्यंत शिकलेले. पण परवानगीने चालणं वेगळं आणि हक्काने चालणं वेगळं, हा कायद्यातला बारकावा त्यांना वकिलाच्या आधी कळला होता, कारण त्याची किंमत घरातून गेली होती.

पहिली वीस वर्षं आमचं छान चाललं. पाडव्याला सकाळी गुढी उभारली की मी नवा सदरा घालून वाटेच्या तोंडाशी जायचो. आप्पा त्या हिरव्या लोखंडी खुर्चीत बसलेले असायचे. खुर्चीचा एक पाय आखूड, त्याखाली कौलाचा तुकडा. समोर दोन दगडी खांबांना साखळी. मी म्हणायचो, "आप्पा, जाऊ का?" ते मुद्दाम थोडा वेळ घ्यायचे, करंजाकडे बघायचे, ओढ्याकडे बघायचे, जणू खरोखरच विचार चाललाय. मग म्हणायचे, "जावा." स्वतः उठून साखळी काढायचे, मी पलीकडे जायचो, ते पुन्हा लावायचे. त्यांच्या घरातून कडुलिंबाची चटणी यायची, आमच्याकडून श्रीखंड जायचं. आप्पांच्या पत्नी, ज्यांना मी वहिनी म्हणतो, त्या आतल्या दारातून हे सगळं बघायच्या. पंचवीस वर्षांत त्या माझ्याशी पंचवीस वाक्यं बोलल्या असतील की नाही, शंका आहे.

मग मी निवृत्त झालो आणि मला शहाणपण सुचलं. माझा एक शाळासोबती मुकुंद वकिली करतो. तो एका पाडव्याला जेवायला आला, साखळी बघितली आणि ताट सोडून उठायचाच बाकी राहिला. किती वर्षं वापरतोयस ही वाट? एकवीस? अरे, मग हा तुझा सुविधाधिकार झाला! उघडपणे, शांतपणे, अखंड वीस वर्षं आणि हक्काने वापर, एवढं दाखवलं की पुरे. दावा लाव. तुझ्यानंतर घर विकताना मुलीला त्रास नको व्हायला. मुलीचं नाव निघाल्यावर माणूस मूर्खपणाला कर्तव्य म्हणायला मोकळा होतो. बायको म्हणाली, अहो, वर्षातून एकदा विचारायला काय जीभ झिजते का तुमची? मी तिला म्हटलं, प्रश्न जिभेचा नाही, तत्त्वाचा आहे. या वाक्यानंतर मी जे जे केलं, ते सगळं चुकलेलं आहे.

शिवाजीनगरच्या कोर्टात दावा लागला. मी अर्जात शपथेवर लिहिलं की प्रतिवादी दरवर्षी कुलूप लावून माझी अडवणूक करतो. दावा चालू असतानाच्या पहिल्या पाडव्याला मी ठरवलं की विचारायचं नाही. विचारलं तर परवानगी घेतल्यासारखं होईल, असं मुकुंदचं म्हणणं. श्रीखंड तर आणायचं होतं. म्हणून मी मागच्या बाजूने ओढ्यातून उतरलो. नवा सदरा, पांढरी विजार. तिसऱ्या पावलाला गुडघ्यापर्यंत चिखलात गेलो आणि तिथेच अडकलो. पाय काढावा तर चप्पल आत राहते आणि चप्पल काढावी तर मी आत जातो, असा प्रकार. काठावर आप्पा येऊन उभे राहिले. काठीचं टोक माझ्यापुढे केलं. मी ती धरली, कारण दुसरा इलाज नव्हता. मला वर ओढून घेताना ते शांतपणे म्हणाले, "मास्तर, ओढा सरकारी हाय. हितं इचारायची गरज न्हाई."

उलटतपासणीचा दिवस आला. आप्पांची वकील एक तरुण मुलगी होती, आणि ती माझीच विद्यार्थिनी निघाली. आठवीत तिला मी कर्कवृत्त शिकवलं होतं. तिने फाइलमधून एक पिवळट कार्ड काढलं. "सर, ही आपल्याच वास्तुशांतीची पत्रिका ना?" आता माझी एक सवय सांगायला हवी. मला छापून आभार मानायची भारी हौस. मुलीच्या लग्नपत्रिकेत मी मांडववाल्याचेही आभार मानले होते. तर वास्तुशांतीच्या पत्रिकेत खाली बारीक अक्षरात एक ओळ होती: 'आमच्या घरी येण्यासाठी आपल्या जागेतून वाट वापरण्याची परवानगी देणारे आमचे शेजारी श्री. ज्ञानोबा आप्पा यांचे आम्ही ऋणी आहोत.' ती म्हणाली, मजकूर आपणच लिहिला का? मी म्हटलं, हो, आणि छापण्याआधी मुद्रितंही मीच तपासली होती. हे शेवटचं मला कुणी विचारलं नव्हतं. मुकुंदने डोळे मिटून घेतले. पत्रिका पुरावा म्हणून दाखल झाली, तिच्यावर निशाणी क्रमांक पडला. ज्या कागदाने मी दावा हरलो तो जगात फक्त मीच लिहू शकलो असतो, आणि आप्पांनी तो एवढी वर्षं देवघराच्या फळीवर जपून ठेवला होता. कोर्टात आणायला नव्हे. त्यांचं नाव छापून आलेली ती एकच पत्रिका होती, असं वहिनींनी परवा सांगितलं...

आप्पांनाही पिंजऱ्यात उभं केलं गेलं. मुकुंदने त्यांना दरडावून विचारलं की कुलपाची किल्ली कुणाकडे असते. आप्पा म्हणाले, "कुलपाचं मास्तरांना म्हायती. मी साखळी बांधतो." सरळ उत्तर द्या, असं मुकुंदने सुनावलं. आप्पा म्हणाले, दिलं की. मला तो त्यांचा उर्मटपणा वाटला.

निकाल लागला त्या दिवशी आम्ही दोघं कोर्टाच्या फाटकाशी एकाच वेळी बाहेर पडलो. मुकुंदला दुसरी केस होती. मी बसथांब्याकडे निघालो तर आप्पा स्कूटर घेऊन समोर. "बसा मास्तर. एकाच वाटंनं जायचंय." मी बसलो. हरलेल्या वादीला जिंकलेल्या प्रतिवादीने सिंहगड रस्त्याच्या गर्दीतून धायरीपर्यंत आणून सोडलं, असं दुसरं उदाहरण कुठे असेल तर मला कळवावं. वाटेच्या तोंडाशी आल्यावर माझे पाय थबकले. कोर्टाने नुकतंच सांगितलं होतं की ही वाट माझी नाही. आप्पांनी स्कूटर स्टँडला लावली. म्हणाले, "जावा की. आज पाडवा हाय का?"

मी तरीही उभा. मग मला जे इतकी वर्षं खुपत होतं ते विचारून टाकलं, की आप्पा, एकदा कागद करून दिला असता तर तुमचं काय गेलं असतं? ते खुर्चीत बसले.  मग म्हणाले, "तुमी इचारता, मी जा म्हनतो. कागुद झाला की तुमी इचारनार न्हाई. मग मी ह्या खुर्चीत बसून काय करू?"

  त्या दिवशी मला एवढंच कळलं की मी हरलोय. पुढच्या पाडव्याला मी गेलो नाही, बायकोला पाठवलं. त्यांनी तिला विचारलं की मास्तरांचे पाय दुखतात का. ती म्हणाली, नाही, मान दुखते, खाली वाकत नाही. आप्पा खूप हसले म्हणे आणि साखळी काढली. त्याच्या पुढच्या, म्हणजे गेल्या पाडव्यालाही मी बायकोलाच पाठवलं. या वेळी ते हसले नाहीत. "मास्तरांना म्हनावं, तुमी आला न्हाई," एवढंच म्हणाले आणि साखळी काढली. बायकोने घरी येऊन मला तो निरोप शब्दशः सांगितला. मी वर्तमानपत्र वाचत राहिलो. मनात ठरवलं की पुढच्या वर्षी जाऊ स्वतः. अजून वर्ष आहे की... वर्षाला पाच आठवडे कमी पडले.

तिसऱ्या दिवशी मुकुंदचा फोन आला. त्याने दुःख व्यक्त केलं, मग घसा खाकरला. "हे बघ, ती परवानगी आप्पांची होती. माणूस गेला की त्याने दिलेली परवानगीही गेली. आता वारस काय म्हणतात त्यावर सगळं." मी फोन ठेवला आणि खरं सांगायचं तर मला काळजी लागली. ती आप्पांसाठी नव्हती, वाटेसाठी होती. आप्पांच्या अस्थी अजून घरात होत्या आणि मी खिडकीतून करंजाची झाडं मोजत होतो. स्वतःच्या इतक्या फजित्या मी रंगवून सांगत आलोय, पण त्या क्षणी मला स्वतःचं जे दिसलं ते कुणाला रंगवून सांगण्यासारखं नाही.

तेरावा झाल्यावर एक जण टेप घेऊन आला आणि जागा मोजून गेला. सचिन हिंजवडीत नोकरीला आहे. मुलगा चांगला आहे, वडिलांसारखाच धिप्पाड. मला म्हणाला, "काका, प्लीज पर्सनली घेऊ नका. डेव्हलपमेंटला द्यायचा विचार चाललाय. अजून काही फायनल नाही. तुमच्या अ‍ॅक्सेसचं बघू ना काहीतरी, डोन्ट वरी." मी वरी करू लागलो. त्याच्या प्लॅनमध्ये आमचं घर असेल, पण घराकडे जायची वाट? मी आयुष्यभर मुलांना सांगत आलो की नकाशा नीट बघा, आणि आता पुन्हा एकदा असा नकाशा बघायची पाळी येणार होती, ज्यात मी होतो आणि रस्ता नव्हता.

सचिनशी बोलून निघालो तेव्हा माझा हात सहज त्या दगडी खांबावर गेला. साखळी खांबालाच गुंडाळलेली होती. पंचवीस वर्षांत मी तिला पहिल्यांदा हात लावला. कारण मी विचारायचो आणि आप्पा उठून काढायचे, मला कधी ती काढावी लागलीच नाही. साखळीच्या टोकाला विहिरीच्या पोहऱ्याला असतो तसला एक वाकडा आकडा होता. बस्स. कुलूप नव्हतं. खांबाला कडी नव्हती, कोयंडा नव्हता, कुलूप अडकवायला जागाच नव्हती. कुणीही आलं असतं, बोटाने आकडा उचलून आत गेलं असतं. मी शपथेवर कुलूप सांगितलं होतं. बायकोला येऊन म्हटलं की तिथे कुलूप नाहीये. ती म्हणाली, "कधीच नव्हतं. तुम्हाला माहीत नव्हतं?" 

पाडवा आला. आप्पांच्या घरी गुढी नव्हती, ते साहजिकच. आम्ही उभारावी की नाही यावर आमच्या घरात कुजबुज झाली. शेवटी एक लहानशी उभारली, मागच्या बाजूला. सकाळी मी बाहेर पडलो. कुठे जायचं नव्हतं. उगाच सदरा घातला होता, जुना. वाटेच्या वळणाशी आलो आणि थांबलो.

साखळी लावलेली होती.

हिरव्या खुर्चीत वहिनी बसल्या होत्या. कौलाचा तुकडा आखूड पायाखाली नीट सरकवलेला. डोक्यावरून पदर, हात मांडीवर. बाजूला, त्यांच्या घराच्या ओट्यावर सचिन उभा होता. तो पुढेही आला नाही आणि मागेही गेला नाही. त्याच्या चेहऱ्यावरून दिसत होतं की सकाळी घरात काहीतरी बोलणं झालेलं आहे आणि त्यात त्याचं काही चाललेलं नाही.

दोन वर्षं मी जे वाक्य मनात घोळवत होतो ते दुसऱ्या माणसासाठी होतं.  मग मी म्हटलं, "वहिनी, जाऊ का?"

 त्यांनी करंजाकडे बघितलं. ओढ्याकडे बघितलं. मला वाटलं, त्यांना रडू येईल. मला तर यायलाच लागलं होतं. पण त्यांचा आवाज अगदी कोरडा होता.

"औंदा तुमी सोता आला."

"हो."

"जावा." मग त्या जरा मोठ्याने, ओट्यापर्यंत ऐकू जाईल अशा बेताने म्हणाल्या, "सातबाऱ्यावर माजं बी नाव हाय. मी हाय तवर मी हितं बसनार. म्होरलं म्होरल्या पाडव्याला इचारा."

त्या साखळी काढायला उठू लागल्या. गुडघ्यांमुळे त्यांना ते जमेना. मी म्हटलं, बसा तुम्ही, आणि आकडा स्वतः उचलला. पलीकडे गेलो, पुन्हा लावला. मोठ्या रस्त्यापर्यंत चालत गेलो, एका बंद दुकानासमोर थोडा वेळ उभा राहिलो आणि परत फिरलो. आलो तेव्हा वहिनी आत गेल्या होत्या. खुर्ची रिकामी होती, ऊन तिच्यावर आलं होतं. साखळी तशीच, दोन्ही खांबांच्या मधे. मी आकडा काढला, आत आलो आणि मागे वळून तो पुन्हा नीट अडकवला. अजून संध्याकाळ व्हायची होती.